वणव्यानंतरची बाग आणि घर: नोंदी, मार्च २०२४ ते जानेवारी २०२५

जागा लांजा तालुक्यात (जि. रत्नागिरी), सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, खालच्या उतारावर. जमीन दोन हेक्टरच्या आसपास. हापूसची ५८ कलमं. काजू १३०, त्यातली ९० जुनी वेंगुर्ला-४ आणि ४० तीन वर्षांची वेंगुर्ला-७. बागेत चिऱ्याचा मांगर, म्हणजे कामापुरतं छोटं घर. घर बागेच्या पायथ्याला, कौलारू, पुढे सिमेंटच्या पत्र्यांची पडवी. कोकणात दर फाल्गुनात कुणाची ना कुणाची बाग जळते, आणि मग लोक फोन करून विचारतात, 'तुम्ही काय केलंत?' प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देतो. चुका गाळलेल्या नाहीत. त्याच जास्त आहेत.

१२ मार्च

दुपारी दीडच्या सुमारास सड्यावर धूर. वारा पश्चिमेचा. पंधरा मिनिटांत आग गडग्यापाशी, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणापाशी. गडगा चार फूट उंच, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण त्याच्या दोन्ही अंगांना वर्षानुवर्षांचा पातेरा (वाळका पाला) साचला होता, आग त्या पातेऱ्यावरूनच अलीकडे आली. दगड राहिले जागच्या जागी. वीस-बावीस माणसं ऐनाचे आणि किंजळीचे टहाळे घेऊन झोडपत होती. गुरं आईने आधीच सोडून दिली होती, हे एकच काम वेळेवर झालं. साडेपाचला आग आटोक्यात. मांगराचं छप्पर गेलं, पडवी गेली, मूळ घर राहिलं.

कुणी लावली यावर वाडीत तीन मतं आहेत. त्यात पडत नाही.

१३ मार्च

पहाटे सहाला स्लिपर घालून बागेत शिरलो. पहिली चूक, आणि पाय भाजण्याचं कारण.

काळ्याभोर जमिनीवर एके ठिकाणी पांढरी मऊ राख होती, परातीएवढी. तिथे पाय दिला आणि घोट्यापर्यंत आत गेला. खाली ऐनाचं जुनं खोड होतं. वरून विझलेलं, पण मुळं रात्रभर आत धुमसत होती. वर धूर नव्हता, वास नव्हता. काकू टूथपेस्ट घेऊन धावत आली, तिला हात जोडून थांबवलं. नळ उघडा सोडून पाय वीस मिनिटं गार पाण्याखाली धरला, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. अकरा दिवस पायात काही घालता आलं नाही. कामाचे अकरा दिवस एका स्लिपरपायी गेले.

नंतर ठरवलेली पद्धत: गमबूट, हातात लांब काठी. पांढरी राख दिसली की आधी काठी खुपसायची, मग तळहाताची मागची बाजू जमिनीपासून वीतभर वर धरायची. ऊब लागली तर पाणी ओतायचं, कुदळीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं. नुसतं वरून पाणी ओतलं तर वरचा थर भिजतो आणि आतला विस्तव तसाच राहतो. माझा तसा राहिलाच, पुढे येईल.

दुसरं, वर बघायचं. आपण सगळे खाली बघत चालतो. अर्धी जळलेली फांदी वाऱ्याशिवायही पडते.

वीज: पडवीतल्या बोर्डाच्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. मेन स्विचला कुणी हात लावला नाही, वायरमन येऊन खांबावरून पुरवठा तोडून गेला. हे बरोबर झालं.

फोटो काढायच्या आधीच पोरांनी अंगणातलं जळकं सामान ओढून एका बाजूला केलं. पंचनाम्याला लागणारा निम्मा पुरावा मीच, 'शाबास रे' म्हणत, हलवू दिला.

१५ मार्च

रात्री अकराला वरच्या कोपऱ्यात पुन्हा जाळ. तेच, मुळात राहिलेला विस्तव. शेजाऱ्याच्या बागेतला नेपाळी रखवालदार जागा होता म्हणून कळलं. आजपासून आठ रात्री आळीपाळीने राखण.

१८ मार्च

पंचनाम्याची सुरुवात. १६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली, तलाठी निवडणुकीच्या कामात. कृषी सहाय्यक आले, झाडं मोजली. कागद: सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची प्रत, फोटो. इथे माझा जुना आळस अंगाशी आला. जुनी कलमं आणि काजू सातबाऱ्यावर आहेत. नवीन ४० काजूंची ई-पीक पाहणी मी 'करू, करू' म्हणत तीन वर्षं केलीच नव्हती. कागदोपत्री ती झाडं अस्तित्वातच नाहीत, मग जळणार कशी? त्यांचं काही मिळणार नाही.

आणखी एक समज काढून टाका. हवामानावर आधारित फळपीक विमा तापमान, अवेळी पाऊस अशा मोजमापांवर चालतो. वणव्याने झाड जळालं तर त्याचा काही संबंध नाही. मी हप्ता भरला होता आणि मनाशी हिशेबही मांडून ठेवला होता.

२० ते २२ मार्च, घर

मी खुर्चीत, पाय वर, तोंडाने काम.

पहिल्या दिवशी दोन बायका केरसुणीने पडवी झाडायला लागल्या. पाच मिनिटांत सगळं घर राखेने भरलं. दुपारपर्यंत तिघांना खोकला. पडवीचे बारा पत्रे आगीत फटाक्यासारखे फुटले होते. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस. त्याची धूळ छातीत गेली तर बाहेर येत नाही. काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, आधी झारीने हलकं पाणी, मग फावड्याने ओली राख उचलायची. पाइपने जोरात फवारा मारायचा नाही, राख उडते आणि उरलेली वाहून विहिरीकडे जाते. पत्र्यांचे तुकडे आणखी न मोडता दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून, विहिरीपासून लांब, ताडपत्रीखाली ठेवले. कपडे घराबाहेर काढून वेगळे धुतले.

पडवीचे वासे: काळे दिसतात म्हणून सगळे फेकायचे नाहीत. कोयत्याने कोळसा खरवडून बघितला. पाव इंचाखाली पक्कं लाकूड असेल तर ठेवला. दहातले तीनच बदलले. आईचा आग्रह होता सगळे बदलायचा. अपशकुनाचं लाकूड म्हणे. तिला म्हटलं, अपशकुनाला आत्ता पैसे नाहीत.

पाणी: यात मी आठवडा घालवला. हजार लिटरची टाकी एका बाजूने वितळली होती, तिथून घरात येणारा पीव्हीसी पाइप मधेच चपटा झाला होता. फुटलेला भाग कापून जोडला आणि नळ सुरू केला. पाण्याला प्लॅस्टिकचा वास. आई पाणी उकळून देत होती, आम्ही पीत होतो. पुतणी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला असते, तिला फोनवर सहज सांगितलं तर ती ओरडलीच. तिच्याकडे २०१७ मध्ये सांता रोझाला आणि २०१८ मध्ये पॅराडाइजला वणव्यानंतर पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत बेन्झीन हे घातक रसायन सापडलं होतं. उकळल्याने जंतू मरतात, हे जात नाही. उलट वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं. टाकी आणि टाकीपासूनची सगळी लाइन काढून टाकली. नवी लाइन येईपर्यंत विहिरीचं पाणी कळशीने. विहिरीवर तरंगणारी राख जुन्या मच्छरदाणीने काढून ग्रामपंचायतीकडून ब्लीचिंग पावडर आणून टाकली.

२४ मार्च, शिमगा

काम बंद. आईने सकाळपासून ओटी सारवली, पालखी यायची म्हणून. होळीसाठी फाटी मागायला वाडीतली पोरं आली. नेहमीसारखी हक्काने नाही, दारात घुटमळत. आई म्हणाली, "न्या रे, यंदा आपल्याकडे जळकं लाकूड कमी नाही." कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग तीच हसली.

२८ मार्च ते २ एप्रिल, सगळ्यात महाग चूक

पाय बरा झाला, आणि मी करवतवाल्याला बोलावलं.

झाडं तपकिरी, खोडं काळी, अर्धवट तयार झालेला आंबा एका अंगाने शिजून खाली पडलेला. पहिल्या पेट्या निघायला आठ-दहा दिवस राहिले होते. रोज ते बघवेना. जळकं काढून टाकलं की डोक्यातलंही निघेल असं वाटलं असावं. तीन दिवसांत नऊ कलमं पाडली. नववं पडलं तेव्हा आबाकाका आले होते. बुंध्यावर बसले, बोट फिरवलं आणि मला हाक मारली. कापलेला भाग पांढरा होता आणि सालीच्या कडेने चीक गळत होता.

"मेलेल्या झाडाला चीक येतो काय रे?"

मी आधीच्या आठांकडे बघायला गेलो. आणखी दोघांना चीक होता. म्हणजे तीन जिवंत झाडं, माझ्या बापाने लावलेली, मी पैसे देऊन तोडली. करवतवाल्याची मजुरी ५,४०० रुपये.

त्यानंतर काकांनी दाखवलेली तपासणी, आणि तिच्यात मी घातलेली थोडी भर:

धारदार चाकूने सालीचा नखाएवढा तुकडा काढायचा. आत पांढरट-हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी, कोरडं किंवा आंबूस वासाचं असेल तर तेवढा भाग मेला. एकाच जागी बघून उपयोग नाही, बुंध्याच्या चारी अंगांना, जमिनीलगत आणि छातीइतक्या उंचीवर बघायचं. वारा आला त्याच्या उलट अंगाला आग खोडाला बिलगून वर चढते, त्यामुळे तिथे साल जास्त भाजते. आमच्याकडे सगळी पूर्वेची अंगं वाईट, पश्चिमेची बरी. मी फक्त पश्चिमेची बाजू बघितली असती तर उलटी फसगत झाली असती.

पानंही बोलतात. करपलेली पानं आठ-पंधरा दिवसांत आपोआप गळाली तर फांदीत जीव आहे. करपून फांदीलाच चिकटून राहिली तर फांदी गेली. पान गाळायलासुद्धा झाडात जीव लागतो.

मग रंगाचा डबा घेऊन फिरलो. चारी अंगांनी मेलेल्याला लाल पट्टा, बाकी सगळ्यांना पांढरा. पांढऱ्याला गणपतीपर्यंत हात लावायचा नाही. लाल पट्टे निघाले फक्त चार.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून बोर्डो मलम, म्हणजे झाडाच्या जखमांना लावायचं बुरशीनाशक, करायला बसलो. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आदल्या रात्री भिजवलं, लोखंडी घमेल्यात. सकाळी घमेल्याला आतून तांब्याचा थर आणि द्रावण मातकट. गेलं फुकट. मोरचूद लोखंडात ठेवायचं नाही हे मला माहीत होतं, घरात रिकामं घमेलंच दिसलं एवढंच. प्लॅस्टिकच्या दोन बादल्या आणल्या, दोन्ही द्रावणं वेगळी करून तिसऱ्या बादलीत एकत्र ओतली. तयार मलमात विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा.

मलम फक्त कापलेल्या जागांना आणि साल फुटलेल्या भागाला लावलं. बाकी खोडांना नुसता चुना. पानांची सावली गेल्यामुळे एप्रिलचं ऊन थेट सालीवर येतं, आणि आगीतून वाचलेली साल उन्हाने तडकते.

एप्रिलचा उरलेला भाग

ठिबकची १६ मिमीची १२०० मीटर नळी जळून जमिनीला चिकटली होती, ती खरवडून काढायलाच दोन दिवस. नवी नळी १०,८०० रुपये. तोपर्यंत ड्रमने पाणी, झाडाला आठवड्यातून एकदा, थोडं. खत नाही. शेजारच्या वाडीतल्या एकाने 'उभारी येईल' म्हणून युरिया टाकायला सांगितलं होतं; ज्याची मुळं भाजलीत त्याला जेवण वाढून काय होणार?

आच्छादन घालायची घाई केली नाही. एप्रिलात झाडाबुडी वाळका पेंढा म्हणजे पुढच्या वणव्याची सोय. पेंढा घरामागे ताडपत्रीखाली, पहिल्या पावसानंतर घालायचा.

७ मेला मतदान. त्यानंतर तलाठ्यांची सही झाली.

१० ते २८ मे, पावसाआधीची धावपळ

खरी मुदत इथे होती आणि ती मला उशिरा कळली. उतारावर गवत नाही, पातेरा नाही, वर राख, खाली जांभ्याची माती. कोकणातला पाऊस यावर पडला तर बाग विहिरीत येणार.

एक प्रयोग करून बघा. जळलेल्या जमिनीवर तांब्याभर पाणी हळू ओतलं तर आमच्याकडे ते अळूच्या पानावरच्यासारखं गोळा होऊन घरंगळलं. दोन बोटं माती खरवडून पुन्हा ओतलं, लगेच मुरलं. आगीने वरच्या थराला जणू मेण चढतं. म्हणून झाडांभोवती आणि मोकळ्या पट्ट्यांत दंताळ्याने उथळ खरवड काढली. खोल नांगरट नाही.

मग जेसीबी. सहा तास, ७,८०० रुपये. जळकी खोडं खाली आणायला त्याने उतारावर सरळ खालपर्यंत वाट पाडली. मी तेव्हा लांज्याला पाइप घ्यायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर वरपासून विहिरीपर्यंत पाण्यासाठी तयार पन्हळ. भरून काढायला दोन माणसं तीन दिवस, आणि माती काही पहिल्यासारखी बसली नाही.

बाकीचं काम माणसांनीच केलं. पारदर्शक नळीत पाणी भरून समपातळी काढली, त्या रेषेवर समतल चर खणले. जिथे कातळ लागला तिथे चर सोडून जळकी खोडं आडवी टाकली, खालून मेखा मारल्या. खोड जमिनीला पूर्ण टेकलं पाहिजे. खाली बोटभर फट राहिली तर पाणी तिथूनच जोर धरतं. फटीत माती आणि दगड ठासले.

गडग्याचे पडलेले दगड लावताना एका बाईच्या हाताजवळून फुरसं (विषारी साप) सरकलं. बिळं आणि पातेरा जळाल्यावर जनावर दगडांतच येतं. त्यानंतर दगड आधी पहारीने उलटायचा, मग हात.

९ जून

पाऊस. रात्रभर. सकाळी छत्री घेऊन वर गेलो. चर भरलेले, काळं पाणी पण उभं. आडव्या खोडांमागे वीतभर गाळ अडला. जेसीबीच्या वाटेवर मात्र गुडघाभर खोल घळ. विहिरीचं पाणी तीन दिवस चहासारखं. घळीत दगडांचे छोटे बांध घातले, दर दहा-बारा पावलांवर एक.

पेंढा आज घातला. बांधांवर गिरिपुष्पाचे खुंट लावले, मोकळ्या पट्ट्यात ताग पेरला.

१४ जुलै

आठ-दहा काळ्या कलमांना बुडातून तांबूस लुसलुशीत फुटवे. आईला ओढत वर नेलं दाखवायला. संध्याकाळी आबाकाका येऊन वाकले, फुटवा कुठून आलाय ते बघितलं आणि म्हणाले, "हा हापूस नव्हे. हा रायवळ."

कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर असतो. जोडाच्या वरून फुटलं तर हापूस, खालून फुटलं तर बाठ्याचं, म्हणजे कोयीपासूनचं रायवळ झाड. सात झाडांवर फुटवे जोडाखालून होते. जिथे वरचा भागही जिवंत होता तिथे खालचे फुटवे काढून टाकले, ते वरच्याचं अन्न खातात. चार झाडांचा वरचा भाग मेलेलाच होता. तिथे सर्वांत जोमदार एक फुटवा ठेवून त्यावर काकांनी आमच्याच झाडाची काडी घेऊन कलम बांधलं. दोन जगली. मुळं जुनी, खोल गेलेली, त्यामुळे वाढ नव्या रोपापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

ऑगस्ट

काजूच्या बुंध्याशी भुसा आणि डिंक. खोडकिडा. भाजलेल्या झाडाचा वास त्याला लांबून येतो बहुतेक. पंधरा दिवस मी काजूकडे फिरकलोच नव्हतो, सगळा जीव हापूसमध्ये. साल सोलून तारेच्या आकड्याने अळ्या काढल्या. १७ झाडं तरी हातची गेली. ही झाडं आगीने मारलेली नाहीत.

५ सप्टेंबर

गणपती परवावर. पांढरे पट्टे पुन्हा मोजले.

हापूस ५८: चांगली ३१, अर्धी जिवंत १२, मेलेली ६, मी पाडलेली ९. फुटव्यावर बांधलेली दोन त्या सहांतच धरली आहेत. जुने काजू ९०: जिवंत ३८. नवीन ४०: उरले चार. काजूची साल पातळ, आणि कोवळ्याला सालच नसते म्हटलं तरी चालेल.

२२ डिसेंबर

आत्तापर्यंतचा खर्च: मजुरी (करवतवाल्यासकट) ७४,०००, ठिबक १०,८००, पडवीला लोखंडी पत्रे १०,८००, वायरिंग ९,२००, जेसीबी ७,८००, टाकी ६,५००, मोरचूद-चुना वगैरे ३,४००. एकूण १,२२,५००. मांगर अजून बिनछपराचा आहे. मदतीची रक्कम मंजूर झाल्याचं कळलं, खात्यात आलेली नाही.

जाळरेषेचं, म्हणजे आग अडवायला मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याचं, काम सुरू. दरवर्षी आम्ही हे फेब्रुवारीत करायचो, गवत पार वाळल्यावर, आणि काढलेलं गवत तिथेच पेटवायचो. यंदा गवत अर्धं हिरवं असतानाच कापून गुरांना. गडग्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा फूट, आणि मधला पातेरा हाताने ओढून खड्ड्यात. वरच्या शेजाऱ्याशी बोललो, त्याच्या बाजूचं तो करणार. न केल्यास मीच करीन असं मनात ठरवलंय, त्याला सांगितलेलं नाही.

११ जानेवारी २०२५

अर्ध्या जिवंत झाडांपैकी पाचांना पश्चिमेच्या अंगाने मोहोर. पूर्वेची मेलेली बाजू आता कापायला हरकत नाही, पण मोहोर असताना करवत नको, जूनमध्ये बघू.

जाळरेषेचा साठ फुटांचा तुकडा उरलाय, कातळाकडचा. कोयते धार लावायला दिलेत, सोमवारी मिळतील.